एकही चरा नाही

“डबे उतरवलेत तरी चालेल, पण परत ठेवताना जिथले तिथे हं. मिठाचा कोपऱ्यात, शेजारी हळद, मग तिखट. झाकणांचे कान भिंतीकडे.”

त्रिशला मगदूम एका हातानं पर्समध्ये जेवणाचा डबा कोंबत होती आणि दुसऱ्या हातानं मला फळी दाखवत होती. मी मान हलवली. मनात म्हटलं, चला, आजची ही. दर दुसऱ्या घरात अशी एक बाई भेटतेच मला. कुणाला चमचे उताणे लागतात, कुणाला पालथे. हिला झाकणांचे कान भिंतीकडे.

“माझं जरा विचित्रच आहे,” तीच म्हणाली. “पण ठेवा तेवढं.”

लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून आले होते, गुडघे अजून बोलत होते. पाणी मागावं की आधी ओटा बघावा या विचारात मी उभी होते. ओटाच बघितला.

आठ फुटांचा अखंड स्टीलचा ओटा. एका टोकाला पश्चिमेची खिडकी, दुसऱ्या टोकाला सिंक, मध्ये ओट्यातच बसवलेली दोन बर्नरची शेगडी. कडेला पत्रा खाली वळवून पुन्हा आत घेतलेला, बोटांना धार लागू नये म्हणून. कुणीतरी हौसेनं करून घेतलेलं काम. आणि त्याच्यावर चऱ्यांचं नुसतं रान माजलेलं.

“यांनी करून घेतला,” त्रिशला म्हणाली. हे म्हणजे तिचे मिस्टर, अजित. हैदराबादला नोकरीला. “रविवारी येतायत. पायातले बूट काढायच्या आधी ओटा बघतील. आक्कांचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. वय झालं, विळी घसरते. मागच्या खेपेला त्यांचा पदर गॅसला लागता लागता वाचला, तेव्हाच हे म्हणाले, आता पुरे, आईचा स्वयंपाक बंद, डबा लावू. मी कसंबसं थांबवलं. आता हे चरे बघितले की झालंच मग.” ती थांबली. “एकही चरा दिसता कामा नये, शशीताई.”

“दिसणार नाही,” मी म्हटलं.

हे मी इतक्या सहज म्हटलं, की आज तेरा वर्षांनीसुद्धा आठवलं की स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

माझे यजमान सांगलीच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीशी बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाची, बारशाची, ‘यांजकडून सप्रेम भेट’वाली. ते गेले आणि नाव घालायचं मशीन माझ्या हातात आलं. पेनासारखं असतं ते, चालू केलं की गांधीलमाशीसारखं गुणगुणतं. त्या पायरीवर बसल्यावर मला कळलं, की माणसं नाव घालायला येतात तशी काढायलाही येतात. लग्न मोडलं, नाव काढा. वाटण्या झाल्या, थोरलीचं नाव काढा. कुणी शिकवलं नाही मला. पहिला खराब केला तो माझ्याच रुखवतातला डबा. भांडी घासतो तसा गोल गोल घासला. आपल्या हाताला जन्माची सवय तीच. त्याच्यावर मांजर नाचवल्यासारखा दिसायला लागला. मग कळलं, की स्टीललाही धागा असतो, लुगड्याला असतो तसा. धागा जिकडे, हात तिकडेच. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी खोबरेल तेलाचा बोळा. धाग्याच्या आडवं एकदा जरी घासलं, तरी तो नवा चरा झाला. इतकीच माझी विद्या. तिच्यावर मी नावं पुसली, मग खानावळींचे ओटे, मग घरांतले.

त्रिशला गेली. मी डबे उतरवायला लागले.

“तू तांबटाची बायको न्हवं? नाव घालणाऱ्या?”

दारात एक म्हातारी उभी होती. उंच, वाळकी, पांढऱ्यावर बारीक जांभळ्या ठिपक्यांची साडी, एक हात चौकटीवर. त्रिशलाच्या सासूबाई. सगळे त्यांना आक्का म्हणायचे.

“हो. तुम्ही कसं ओळखलं?”

“सूनबाई म्हणली काल. थांब, तुला गंमत दाखवते.” त्या आत आल्या, भिंतीच्या कडेकडेनं, ओट्याच्या काठावर बोटं ठेवून, मांडणीतून सगळ्यात खालचं ताट त्यांनी काढलं. “हे बघ. तुझ्या नवऱ्यानं घातलंय. माझं नाव, राजमती. यातला म वाकडा आहे.” नावावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या आणि अंगठा बरोबर ‘म’वर थांबला. “मी तेव्हा भांडले त्याच्याशी. म्हणला, आक्का, वाकडा आहे म्हणून ताट हरवलं तरी सापडंल.”

मी वाकून बघितलं. खरंच वाकडा होता. यजमानांच्या हातचं अक्षर होतं ते, मी त्यावरून एकदा बोट फिरवलं. कामाच्या ठिकाणी रडायला मला कधी जमलं नाही, आणि पुढे आठ फूट ओटा पडला होता.

आक्कांनी चहा केला. तोंडानं बोलणं चालू, बोटं काठावरून सरकत पुढे, मग पातेलं उचलून बरोबर बर्नरवर. म्हातारी माणसं काठ धरून चालतातच. मी पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळत होते.

“संध्याकाळचं मी माझं करते,” त्या म्हणाल्या. “आमच्या जैनांत सूर्य बुडायच्या आत जेवायचं. बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही. सूनबाईला ऑफिसातनं यायला साडेसात होतात. ती येईस्तोवर मी जेवून, तिची आमटी झाकून मोकळी.”

“आणि पावसाळ्यात? सूर्य दिसतच नाही तेव्हा?”

“चातुर्मासात एकदाच जेवायचं, दुपारचं. सूर्याची कटकट नको.” त्या हसल्या. “देवानं सोय करून ठेवलीय.”

मी कामाला लागले. वरवरचे चरे पटापट गेले. घासणीचे, पातेल्यांच्या बुडांचे, कशाकशाचे. ते सगळे इकडेतिकडे भरकटलेले होते. पण काठाशी काही वेगळे होते. बोटाच्या पेराएवढे, धाग्याच्या बरोबर आडवे, खोल. एका बर्नरच्या समोर एक. दुसऱ्याच्या समोर जोडीनं दोन. आणि खिडकीच्या बाजूला लांब लांब अंतरावर तीन.

“आक्का, हे कशानं पडले हो?”

पाटावर बसून त्या गवार मोडत होत्या. बोटं थांबली. “विळी.”

“विळी अशी आडवी कशी घसरेल?”

“घसरली असंल.” मग जरा वेळानं, “ते जातात का गं? एवढे खोल?”

“जातात की! भांड्यावरची नावं काढते मी, आक्का. सात पिढ्यांची. हे चरे काय घेऊन बसलात!”

“कळणारसुद्धा नाही? बोट फिरवलं तरी?”

“बोट काय, नख लावलं तरी कळणार नाही.”

गवारीचा कट् कट् आवाज पुन्हा सुरू झाला. मी दमलेली असले की मला शहाणपण सुचत नाही, फक्त काम सुचतं. आणि त्या वर्षी मी सारखीच दमलेली होते. त्या सहा चऱ्यांवर मी दुपारचे दोन तास घातले. शेवटच्याला तर चिडून घासलं. गेला तेव्हा पाठीतून कळ आली आणि बरं वाटलं, दोन्ही एकदम.

चार वाजता ओटा असा झाला, की खिडकीतलं आभाळ त्यात उतरलं. डबे परत लावले, कान भिंतीकडे.

“आक्का, या. बघा.”

त्या आल्या. डावा हात काठावर ठेवला आणि चालायला लागल्या. सिंकपासून खिडकीपर्यंत. परत सिंकपर्यंत. पुन्हा अर्ध्यावर येऊन थांबल्या. बोटं काठावर मागेपुढे, मागेपुढे. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी तेलाचा बोळा हातात धरून शाबासकीची वाट बघत उभी.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “गुळगुळीत.”

“मग घ्या करायला. तुमचा सूर्य खाली उतरायला लागलाय.”

“आज भूक नाही बाई.”

मोडलेली गवार त्यांनी फ्रिजमध्ये ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. मी सामान आवरत होते तेव्हा फोन वाजला. साडेपाच झाले होते.

“आहे गं, दूध आहे,” आक्का फोनवर म्हणाल्या. “नको आणूस.” ठेवल्यावर माझ्याकडे तोंड करून, म्हणजे माझ्या डावीकडच्या कपाटाकडे तोंड करून, “रोज विचारती. रोज विसरती. एवढी मोठी हापिसर, पण दुधाचं काही डोक्यात राहत नाही.”

कपाटाकडे बघून त्या बोलल्या हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण दिसणं आणि कळणं यांत माझ्याकडे नेहमीच एका रात्रीचं अंतर असतं.

*

दुसऱ्या दिवशी शेवटचा बारीक हात मारायला गेले. दार त्रिशलानं उघडलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“काल जेवल्याच नाहीत,” ती हळू आवाजात म्हणाली. “उपवास म्हणाल्या. कसली तिथी नाही, काही नाही. आणि आज सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात दूध तापवायला गेल्या आणि बोट भाजून घेतलं.”

“अरे देवा. फार?”

“फोड आलाय.” तिनं चपला घातल्या, एक काढली, पुन्हा घातली. माझ्या पिशवीकडे बघितलं. “आज घाई करू नका, शशीताई. संध्याकाळपर्यंत थांबलात तरी चालेल. हवा तेवढा वेळ घ्या.”

ओटा कालच झाला होता, तासाभराचं काम उरलं होतं. पण मी हो म्हटलं. कुणी घाई करू नका म्हटलं की मी कधीही वाद घालत नाही.

आक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. उजव्या हाताचं मधलं बोट ओल्या फडक्यात. ओट्यावर झाकलेलं ताट होतं.

“हे कुणाचं?”

“माझं. संध्याकाळसाठी करून गेलीय. सकाळचं शिजवलेलं मी संध्याकाळी खायचं.” त्या तोंड वाकडं करून हसल्या. “झाकलेलं ताट खायला लागले की मी या घरात पाहुणी झाले बघ.”

“मग काल का नाही केलंत?”

त्यांनी बोटावरचं फडकं घट्ट केलं. मी खाली बसले, त्यांच्यासमोर. फडकं सोडून फोड बघितला. बर्नरची गोल कड बोटावर स्वच्छ उमटली होती.

“आक्का, रोज याच शेगडीवर करता ना तुम्ही? मग हात चुकला कसा?”

त्यांनी बोट काढून घेतलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

“तू माझी वाट पुसलीस, पोरी,” त्या म्हणाल्या.

रागानं नाही. भाजी निवडताना एखादी किडकी शेंग बाजूला ठेवावी, तितक्या साधेपणानं.

मी वर ओट्याकडे बघितलं. एक. जोडीनं दोन. लांब लांब तीन. काल मी कशाकशावर हात फिरवला, ते आता एकेक करून कळत गेलं.

“किती दिसतं तुम्हाला?”

“उजेड कळतो. खिडकी कुठं आहे ते कळतं. तू कुठं आहेस ते तू बोललीस की कळतं.” त्या थांबल्या. “काचबिंदू. शेजारच्या बाईला घेऊन गेले होते डॉक्टरकडं. म्हणला, गेलं ते येत नाही. दोन वर्षं होत आली.”

“आणि त्रिशलाला…?”

“एक शब्द सांगायचा नाहीस तिला.” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “माझा खुबा मोडला तेव्हा तिनं नोकरी सोडली होती. आठ महिने. मग ही दुसरी मिळायला दोन वर्षं गेली. तिला कळलं तर ही पण सोडंल. अजितला कळलं तर डबा. डबा येतो आठ वाजता. त्यात बटाटा असतो. तोवर सूर्य मुंबईच्या पलीकडं गेलेला असतो.”

“खिडकीकडचे तीन कशाचे होते?”

“उन्हाचे.” त्या उठल्या आणि ओट्याशी गेल्या. “खिडकीतनं ऊन येतं ना, ते जसा सूर्य उतरंल तसं आत आत सरकतं. हाताच्या पाठीला लागतं. दिवाळीच्या दिवसांत ऊन या खुणेशी आलं की ताट पुसून ठेवायचं. संक्रांतीच्या सुमाराला त्या खुणेशी. उन्हाळ्यात ती पलीकडची. दिसत होतं तेव्हाच नीट बघून, खिळ्यानं केल्या. घड्याळाला काय, सेल लागतात. सूर्याला लागत नाहीत.”

मला पाणी हवं होतं. मी उठून स्वतःच घेतलं.

“कालच का नाही सांगितलंत?”

“कसं सांगू? मला वाटलं, साबण लावशील, पुसशील, चमक आणशील. खुणा जातील असं कुठं वाटलं? विचारलं मी तुला. तू म्हणलीस, नख लावलं तरी कळणार नाही.” आणि मग, जरासं हसून, “शब्दाची पक्की आहेस हो.”

मारलं असतं तर बरं, असं वाटलं.

नाव घालायचं मशीन माझ्या पिशवीत असायचंच. मी ते काढलं आणि ओट्यासमोर उभी राहिले. मनात आणलं तर दोन मिनिटांचं काम. पण रविवारी अजित येणार, आधी ओटा बघणार. ‘एकही चरा दिसता कामा नये.’ दिसता कामा नये. मी काठावर हात ठेवला, जसा आक्का ठेवायच्या तसा. अंगठा वर. आणि चार बोटं… चार बोटं आपोआप खाली गेली, जिथे पत्रा आत वळवला होता तिथे.

“आक्का, तुम्ही काठ धरता तेव्हा बोटं खाली असतात ना?”

त्यांनी धरून बघितलं. “व्हय की.”

“मग खाली केल्या तर?”

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी लगेच जमिनीवर आडवी झाले. बघत उभं राहणं मला जमलं नसतं.

ओट्याखाली उताणं पडून, नाकाच्या वर वीतभर अंतरावर स्टील, अशा अवस्थेत मी तोवर कधी काम केलं नव्हतं, नंतरही नाही. चष्म्यावर चकाकती भुकटी पडत होती. मशीन गांधीलमाशीसारखं ओरडत होतं. मान पाच मिनिटांत गेली.

“तुझे पाय कुठायत? मी तुडवीन हं.”

“तुडवा. आधीच कामातून गेलेत. बर्नर कुठं ते सांगा.”

“भिंतीच्या कोपऱ्यापासनं पाच विती आणि तीन बोटं. माझ्या विती हं, तुझ्या नव्हेत.”

त्यांचा हात वरून काठावर सरकत यायचा, बोटं खाली यायची आणि माझ्या डोळ्यांसमोर थांबायची. फडक्यातलं बोट सोडून बाकीची तीन. त्यांच्या शेंड्याशी मी मशीन टेकवायची. लहान बर्नरला एक. मोठ्याला दोन.

“अजून खोल. माझ्या बोटाला साठ वर्षांचे घट्टे आहेत, गुदगुल्या नको करू.”

मी अजून खोल केली. आयुष्यात एवढी नावं घातली, पण ज्याचं आहे त्याचं बोट समोर धरून कधी घातलं नव्हतं.

उन्हाच्या तीन खुणांपैकी संक्रांतीची नि उन्हाळ्याची वितींनी झाली. दिवाळीचीही झाली असती, पण दिवाळी तोंडावरच आली होती; आक्का म्हणाल्या, ती आपण उन्हालाच विचारू. म्हणून आम्ही थांबलो. चार वाजले तशी त्यांनी गवार फोडणीला टाकली. भाकरी थापली. एकदाही हात चुकला नाही. बोटं खाली, एक. बोटं खाली, दोन. पातेलं बरोबर मध्यावर. फोडणीचा वास आला तेव्हा मला कळलं, की सकाळपासून मीही काही खाल्लेलं नाही.

“बस. घे.”

“तुमचं ताट…”

“दोन भाकऱ्या केल्यात. मी काय आंधळी आहे, माणसं मोजता येत नाहीत?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या अशा हसल्या, की डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही.

राजमती नावाच्या ताटात त्या जेवल्या. मी एका साध्या ताटलीत. जेवताना त्यांचा डावा हात ओट्यावर उन्हात ठेवलेला होता. उभ्यानं जेवणं त्यांना पसंत नव्हतं, पण आजच्या दिवस चालंल म्हणाल्या. ऊन हळूहळू सरकत होतं आणि त्याच्याबरोबर त्यांचा हात.

“इथं,” त्या म्हणाल्या. “हात पालथा घालून बघ, इथं शेवटचं लागतंय. कर.”

मी पुन्हा खाली झोपले आणि सहावी खूण केली. त्यांनी चूळ भरली, पाणी प्यायल्या, ताट पुसून ठेवलं.

साडेपाच वाजले. फोन वाजला नाही.

आक्कांनी मान फिरवली. “आज दुधाचं विचारलं नाही तिनं.”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. लांबलचक, मग पुन्हा एकदा. मी दार उघडलं. त्रिशला उभी होती, दोन तास आधी. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातच होता.

*

पुढचं आत्ताच सांगून टाकते. रविवारी अजित आला, त्यानं ओट्यात वाकून स्वतःचे दात बघितले, आणि आईला म्हणाला, काय ठेवलायस गं! डब्याचा विषय निघाला नाही. तेव्हाही नाही, पुढच्या दिवाळीलाही नाही. आक्का त्या ओट्यावर आणखी साडेचार वर्षं सूर्य बुडायच्या आत जेवल्या, आणि गेल्या त्या झोपेत गेल्या, बिनडब्याच्या. हे मला त्रिशलानंच नंतर बाजारात भेटली तेव्हा सांगितलं.

त्या दिवशी ती सरळ स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून अजून थोडं ऊन येत होतं. ओट्यावर तळहात ठेवून तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

“छान झालंय,” ती मोठ्यानं म्हणाली. आक्कांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “एकही चरा नाही.”

“शब्दाची पक्की आहे ती,” आक्का म्हणाल्या.

मी पिशवी उचलली. त्रिशलानं ती माझ्या हातातून घेतली आणि मला सोडायला जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेतलं, पण लावलं नाही. पहिल्या पायरीवर उभं राहून तिनं पिशवी माझ्याकडे दिली. दिली, पण सोडली नाही.

“मोठ्या बर्नरची खूण केलीत ना?”

मी आधी मागच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे बघितलं.

“दोन रेघा,” मी म्हटलं. “खालच्या बाजूनं.”

“खाली.” तिनं डोळे मिटले. “बरं झालं. मला हे सुचलंच नसतं. मला खरंच वाटायचं, विळी घसरते. आज सकाळी त्यांचं बोट बघितलं तेव्हा कळलं, मी पैसे देऊन माणूस आणून काय पुसून घेतलं ते.”

“म्हणजे डोळ्यांचं तुम्हाला…”

“दोन वर्षं, शशीताई. मिठाचा डबा मी कशाला तसूभर हलवत नाही?”

झाकणांचे कान. भिंतीकडे. माझ्या डोक्यात आता कुठे उजेड पडत होता.

“मग बोलत का नाही?”

“बोलले तर त्यांना कळेल, की मला कळलंय. दुसऱ्या दिवशी हुबळीला लेकीकडे निघून जातील. माझ्यावर ओझं नको म्हणून.” ती जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. “मला नाही हो सवय, आमटीचा वास नसलेल्या घरात शिरायची.”

“भीती नाही वाटत? गॅस आहे, एकट्या आहेत…”

“वाटते ना. रोज साडेपाचला फोन करते. त्यांचं जेवण होऊन गॅस बंद झालेला असतो तेव्हा.”

“दुधाचा.”

“दूध काय, रोजच असतं घरात.”

तिनं पिशवी सोडली. मी उतरायला लागले, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी. पहिल्या वळणावर आले, तेव्हा वरून, अर्धवट लोटलेल्या दारातून आक्कांचा आवाज आला.

“त्रिशला, आज लवकर आलीस ती? दूध आणलंस का?”

“अगंबाई,” ती म्हणाली. “विसरले बघा, आक्का.”